क्रुसापुढची माळ

गेल्या मे महिन्यात कल्याणहून ठाण्याला एका ईस्ट इंडियन मित्राकडे गेलो. त्यांच्या आळीत क्रुसापुढे रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना होती. आमच्या आजीची तुळशीची माळ १०८ मण्यांची, मुक्याने ओढायची. ही ५९ मण्यांची, मोठ्याने म्हणायची. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भागाआधी येशू-मरियेच्या चरित्रातला एक प्रसंग. (असे प्रसंग पूर्वी १५ होते, २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ५ वाढवले.) दर मण्याला अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सर्वांनी. प्रार्थना मराठीतच, त्यामुळे तिसऱ्या भागापर्यंत ती मला पाठ झाली. पण म्हणावी का? मी गप्पच. शेजारच्या आजींनी माळ हाती दिली, "मणी तरी मोज, बाळा." मोजता मोजता ओठ हलू लागले. शेवटी उकडलेले चणे वाटले. ते घरी आणले. आईने कुठले म्हणून विचारले, मी खरे सांगितले. तिने ते कपाळाला लावून खाल्ले.