‘बेइमान’ नेमकं कुणाला म्हणायचं?

गटाच्या बैठकीत कुणाचा हप्ता थकला की एक शब्द पटकन तोंडातून निघतो, ‘बेइमान’. बैठक तासाभरात संपते, शब्द मात्र गावभर फिरतो. म्हणून आज त्या शब्दाबद्दलच बोलू.

‘बे’ हा फारसीतला, म्हणजे ‘वाचून, शिवाय’. तो आपल्यात इतका मुरला की बेचव, बेभान, बेसावध हे शब्द आपण मराठीतच घडवले. ‘इमान’ अरबी. श्रद्धा हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडं दिल्या शब्दाला जागणं, हा अर्थ रुळला. फारसी-अरबी शब्द दरबाराच्या, दफ्तराच्या वाटेनं मराठीत आले. आपला बीड जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता.

आता गंमत बघा. ‘इमान’च्या मुळाशी भरवसा आहे, सुरक्षितपणा आहे. त्याच मुळातून ‘अमानत’ आला, म्हणजे विश्वासानं दुसऱ्याकडं ठेवलेली वस्तू. बोलताबोलता म आणि न यांची अदलाबदल झाली अन् मराठीत झाली ‘अनामत’! गटाच्या पेटीतला पैसा ही अशीच अनामत. हप्ता घेऊन वहीत न मांडणं, खोटी सही करणं, ही झाली बेइमानी.

दुसरा शब्द ‘अप्रामाणिक’. तो ‘प्रमाण’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी मोजणं आहे. ‘माप’ही तिथलंच. मापात पाप म्हणतो ना, तेच.

कायद्यानंही हा शब्द सैल सोडलेला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम २४ मध्ये, हेतू बघितला होता: कुणाचा गैर फायदा किंवा कुणाचं गैर नुकसान करायचा हेतू असेल, तरच कृत्य अप्रामाणिक. २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हेच आहे.

मग दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली आपली ताई? मुकादमाची उचलच फिटेना, म्हणून गटाचा हप्ता राहिला. तिचा हेतू कुठं वाईट होता? परत आली की सगळ्यांसमोर बेइमान म्हटलं, तर ती पुढच्या बैठकीला येईल का?

तिच्यासाठी वहीत शब्द आहे, ‘थकबाकी’. इतिवृत्तात तोच लिहा. किती रक्कम, कधीपर्यंत, हे तिला विचारून नवी तारीख टाका, आणि सगळ्याजणींच्या सह्या घ्या.