बुडालेल्या संघांचा सप्टेंबर

सप्टेंबर निम्मा सरला की अमेरिकेत बेसबॉलचं तिकीट एका शहरात सोन्याच्या भावाने विकलं जातं आणि दुसऱ्या शहरात मातीमोल होतं. संघाला पुढची फेरी गाठायची आशा असेल तर तिकिटाला रांग लागते. आशा संपली असेल तर मैदानात हव्या त्या खुर्चीवर जाऊन बसा, कुणी हटकत नाही. मी बोस्टनजवळ राहते. रेड सॉक्स संघ शर्यतीतून बाद झाला की मुद्दाम फेनवे पार्कला जाते. पैसे वाचतात हे खरंच. पण काही पणाला लागलेलं नसताना माणसं आपलं काम कसं करतात, हे इतकं उघड्यावर दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही.

आधी आकडे. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाला साधारण १८६ दिवसांत १६२ सामने खेळावे लागतात, म्हणजे आठवड्याला एक सुट्टीही धड पदरात पडत नाही. २०२२ पासून पुढच्या फेरीत १२ संघ जातात. उरलेल्या १८ पैकी बऱ्याच जणांचा निकाल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागून गेलेला असतो. पण वेळापत्रक कुणाची गय करत नाही. बाद झालेल्यालाही १६२ पुरे करावेच लागतात. क्रिकेटच्या बातमीत अशा सामन्याला ‘केवळ औपचारिकता’ म्हणतात. फरक एवढाच की इथे एका बाजूची औपचारिकता असते, तेव्हा पुष्कळदा समोरच्या बाजूच्या जिवावर बेतलेलं असतं.

फेनवे पार्क हे मेजर लीगमधलं सर्वांत जुनं मैदान. २० एप्रिल १९१२ ला ते सुरू झालं. डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे, तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. या भिंतीच्या पायथ्याशी १९३४ पासून हाताने बदलायचा धावफलक आहे. भिंतीच्या आत एक अरुंद, बोळासारखी खोली आहे. तिथे बसून माणसं आकड्यांच्या पाट्या खाचांत सरकवतात. आत शौचालय नाही, उन्हाळ्यात उकडतं आणि सप्टेंबरअखेर गारठा असतो. काही पाट्या आतून बदलता येतात. काहींसाठी इनिंग संपल्यावर शिडी घेऊन बाहेर यावं लागतं. या फलकावर इथला सामना असतोच, शिवाय बाकीच्या शहरांतले सामनेही असतात. प्रत्येकाच्या खिशात फोन असताना कुणी शिडीवर चढून दूरच्या शहरातली एक धाव लावतो, आणि तरी हजारो माणसं तिकडे मान वळवून बघतात.

सामना संध्याकाळचा असला तर मी लवकर जाऊन बसते. मैदानावरची माणसं पाइप घेऊन बेसभोवतीची माती भिजवत असतात. पाणी किती मारायचं याला माप नाही, अंदाज आहे. माती कोरडी राहिली तर चेंडू वेडावाकडा उसळतो, फार ओली झाली तर धावणाऱ्याचा पाय घसरतो. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तिथे पाय पडून खड्डा होतो. तो चिकणमातीने बुजवून, ठोकून सपाट करतात. एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला हेच काम याच क्रमाने झालेलं असतं.

आत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, चेंडूंची तयारी झालेली असते. कोरा चेंडू गुळगुळीत असतो, हातातून निसटतो. म्हणून सामन्याच्या आधी प्रत्येक चेंडूला न्यू जर्सीतल्या नदीकाठाहून आणलेला खास चिखल चोळतात. लीना ब्लॅकबर्न नावाने तो चिखल डब्यांत मिळतो, आणि सगळ्या मेजर लीगमध्ये हाच वापरतात. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. चिखल त्या टाक्यांच्या कडेला साचू न देता फक्त चामड्याची चकाकी मारायची, हे हाताचं कसब आहे. एवढी मेहनत घेतलेला चेंडू एकदा मातीवर आपटला की अंपायर तो बदलून टाकतो.

मी मैदानात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन बसते. इथे हे वेड अजून पुष्कळांना आहे. प्रत्येक जागेला एक आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे ७, ८ आणि ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर तिथे पोचायच्या आत बाद झाला, तर चौकोनात ‘६-३’ लिहायचं. अख्खा सामना एका कागदावर मावतो. नोंद करताना डोळा चेंडूच्या मागे जातो, कारण नोंद होते ती चेंडूचीच.

अशाच एका रात्री, दोन्ही संघ बाद झालेले असताना, सातव्या इनिंगमध्ये मी चेंडू सोडून कॅचरकडे बघायचं ठरवलं. बेस रिकामे होते. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे साधा, टप्प्याटप्प्याने जाणारा चेंडू मारला. बॅटर पहिल्या बेसकडे पळाला; अंतर ९० फूट. आणि त्याच्या मागोमाग, तोंडावरची जाळी भिरकावून, छातीला कवच आणि पायांना पॅड बांधलेला कॅचरही पळत सुटला. बॅटरच्या रेषेला समांतर, जरा बाहेरून, थेट पहिल्या बेसच्या मागे. कशासाठी? फेक चुकली तर चेंडू पलीकडे जाऊ नये म्हणून. फेक चुकली नाही. बॅटर आउट. कॅचर जाळी उचलत परत येऊन उकिडवा बसला. पुढच्या बॅटरनेही दुसऱ्या बेसकडे तसाच चेंडू मारला. कॅचर पुन्हा पळाला, पुन्हा रिकामा परतला.

हे दर सामन्यात होतं. एका संघाचे पिचर सामन्यात साधारण दीडशे चेंडू टाकतात. ते सगळे उकिडवं बसून झेलायचे आणि वर ही धावाधाव करायची. शंभरातून नव्व्याण्णव वेळा ती फुकट जाते. त्या रात्री तिसऱ्या बॅटरच्या वेळी शॉर्टस्टॉपची फेक खरंच रुंद गेली. पहिल्या बेसवरच्या गड्याच्या हाताखालून चेंडू निसटला आणि मागे कॅचर उभा होता. बॅटर पहिल्या बेसवरच थबकला, दुसरा बेस त्याला मिळाला नाही. मी कार्डावर शॉर्टस्टॉपची चूक लिहिली. कॅचरच्या धावण्यासाठी कार्डावर चौकोनच नाही.

अशा रात्री खेळणारे कोण असतात तेही बघण्यासारखं असतं. १ सप्टेंबरपासून संघात २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात. मग खालच्या, मायनर लीगमधल्या पोरांना वर बोलावतात; रेड सॉक्सची पोरं तासाभराच्या अंतरावरच्या वुस्टरहून येतात. त्यांच्यासाठी हा सामना औपचारिकता नसतो. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. २०२५ साली किमान वार्षिक पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता, तोही हजेरीच्या दिवसांवर मिळतो. संघाचा हंगाम संपलेला असतो आणि पोराचा नुकता सुरू झालेला असतो.

रेड सॉक्सच्या इतिहासात २८ सप्टेंबर ही तारीख वारंवार येते. १९४१ साली त्या दिवशी हंगामाचे शेवटचे दोन सामने फिलाडेल्फियात होते. रेड सॉक्स दुसऱ्या क्रमांकावर, पण यांकीज कधीच पुढे निघून गेले होते. अ‍ॅथलेटिक्स हा समोरचा संघ तळाला. टेड विल्यम्स तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्याची सरासरी .३९९५५ होती, तीन दशांश स्थळांपर्यंत ती .४०० धरली गेली असती, म्हणजे दहा संधींत चार हिट. मॅनेजर जो क्रोनिन म्हणाला, हवं तर बाहेर बस. तो बसला नाही. पुढे विल्यम्स सांगत असे की समोरचा कॅचर फ्रँकी हेज त्याला म्हणाला, कॉनी मॅक यांनी ताकीद दिलीय, कुणी हात सैल सोडला तर त्याला खेळातून हाकलून देईन. तळाच्या संघाचा मॅनेजर, हंगामाचा शेवटचा दिवस, आणि हा दम! विल्यम्सने आठ संधींत सहा हिट मारल्या आणि .४०६ वर हंगाम संपवला. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये त्यानंतर कुणीही .४०० गाठलेलं नाही. त्या आकड्याला जी किंमत आहे, ती मॅक यांच्या दमामुळे आहे. १९६० च्या २८ सप्टेंबरला फेनवेवर, ४२ व्या वर्षी, कारकिर्दीतल्या शेवटच्या संधीला विल्यम्सने होम रन मारला, तेव्हाही रेड सॉक्स सातव्या स्थानावर होते आणि स्टँड बरेचसे रिकामे होते.

मग २८ सप्टेंबर २०११. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेड सॉक्स टँपा बे रेजच्या नऊ सामन्यांनी पुढे होते. महिनाभरात त्यांनी २७ पैकी २० सामने घालवले आणि शेवटच्या दिवशी दोघे बरोबरीत आले. नॅशनल लीगमध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांचं तेच. चार सामन्यांवर पुढच्या फेरीतल्या दोन जागा अवलंबून होत्या, आणि चारही सामन्यांत समोरच्या संघाला काही मिळवायचं किंवा गमवायचं नव्हतं.

बाल्टिमोरमध्ये रेड सॉक्स ३-२ ने पुढे होते. मध्ये पावसाने जवळजवळ दीड तास खाल्ला. नवव्या इनिंगमध्ये त्यांच्या पिचर जॉनथन पॅपलबॉनने पहिले दोघे बाद केले. एक आउट हवा होता. बाल्टिमोरचा ओरिओल्स तळाचा संघ, त्या रात्रीपर्यंत ९३ सामने हरलेला. ख्रिस डेव्हिसने दोन बेसची हिट मारली. नोलन रायमोल्डने तशीच मारून बरोबरी केली. रॉबर्ट अँडिनोचा चेंडू रेड सॉक्सच्या कार्ल क्रॉफर्डच्या हातमोज्यातून सुटला आणि रायमोल्ड घरी आला. ४-३. मध्यरात्र उलटून दोन मिनिटं झाली होती.

तिकडे टँपाजवळच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये रेज आठव्या इनिंगपर्यंत यांकीजविरुद्ध ०-७ ने मागे होते. आठव्यात सहा धावा निघाल्या. नवव्यात दोन आउट आणि दोन स्ट्राइक झालेले असताना डॅन जॉन्सनने होम रन मारून बरोबरी केली. त्याची सरासरी तेव्हा .१०८ होती. बारा वाजून पाच मिनिटांनी इव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारला. रेज आत, रेड सॉक्स बाहेर. फिलाडेल्फियाची जागा आधीच पक्की होती, तरी त्यांनी ब्रेव्ह्जला तेराव्या इनिंगमध्ये ४-३ ने हरवलं. कार्डिनल्सने १०६ पराभवांच्या ह्यूस्टनला ८-० ने झोपवलं आणि महिन्याभरात वर्ल्ड सिरीजही जिंकली.

बोस्टनमध्ये त्यानंतर बराच काळ एक कुरकूर ऐकू येई: यांकीजने आपला हुकमी पिचर मारियानो रिव्हेराला का उतरवलं नाही? तक्रारीत तथ्य आहे. जागा पक्की झालेला संघ हुकमी माणसाला विश्रांती देतो आणि त्याची किंमत तिसराच मोजतो. तळाच्या संघांवर तर याहून गंभीर आरोप होतात: पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान मिळावा म्हणून मालक संघ मुद्दाम दुबळा ठेवतात. त्याला आळा घालायला २०२३ च्या निवडीपासून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायची पद्धत आली. पण मालकाचं गणित आणि मैदानावरचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. आधुनिक काळातला हा विक्रम. त्याच संघाने हंगामातल्या शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकले. त्यांना त्यातून गुणतक्त्यात काहीही मिळणार नव्हतं.

१६२ सामन्यांचा निवाडा खरा मानायचा तर बुडालेल्या संघाने शेवटच्या दिवशीही पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून पळालं पाहिजे. नाहीतर जिंकणाऱ्याचा जयही खोटा ठरतो. हंगामाची इभ्रत विजेत्यांपेक्षा या अठरा संघांच्या हातात अधिक असते, असं माझं मत आहे.

सप्टेंबरअखेर लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेत जाणं झालं, तर गावातल्या हरलेल्या संघाचा एक सामना जरूर बघा. पहिल्या बेसच्या बाजूची जागा घ्या आणि चेंडू जमिनीवरून गेला की कॅचरकडे लक्ष ठेवा. जाकीट न्या, नवव्या इनिंगपर्यंत थंडी वाजते. शेवटचा रविवार साधला तर उत्तमच: त्या दिवशी सगळे पंधरा सामने साधारण एकाच वेळी, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल आधी बघून कुणाला हात आखडता घेता येत नाही.