खर्जाची तार आणि दांडी

डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन आणि फ्लोरिडाचा जाको पास्टोरियस ही बेस गिटारच्या इतिहासातली दोन फार मोठी नावं. दोघांची गाजलेली वाद्यं कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीची, १९६२च्या सुमाराची. जेमर्सनकडे 'प्रिसिजन' होती, जाकोकडे 'जॅझ बेस'. दोन्हींची दांडी मेपलची, तिच्यावरची पट्टी रोझवूडची आणि तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. तरीही 'मोटाऊन' या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांखालचा जेमर्सनचा बेस ऐकावा आणि लगेच १९७६ साली आलेला जाकोचा पहिला अल्बम लावावा. जेमर्सनचा सूर गोल, भरीव आणि चटकन मिटणारा आहे. जाकोचा सूर लांबतो, कण्हतो, गातो.

हात वेगळे होते, हे खरंच. जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचा. पण हातांइतकाच फरक तारांमध्ये आणि तार जिथे टेकते त्या पृष्ठभागात होता. जेमर्सनच्या तारा जाड, गुळगुळीत, 'फ्लॅटवाउंड'. त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. जाकोच्या तारा खरखरीत, चमकदार 'राउंडवाउंड' आणि त्याच्या दांडीवर पडदेच नव्हते. ते त्यानं स्वतः काढले की वाद्य तसंच हाती आलं, याच्या वेगवेगळ्या कहाण्या आहेत. खाचा भरून पट्टीवर बोटींना लावतात तसलं टणक इपॉक्सी चढवलेलं होतं, एवढं नक्की.

आधी तारेकडे पाहू. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि दर मीटरमागचं वजन या तीन गोष्टींवर ठरतो, हे फ्रान्सच्या मारॅं मर्सेननं १६३६ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. ८६४ मिलिमीटर लांबीवर साधारण १८ किलोच्या ताणानं तो मिळवायचा तर मीटरमागे ३५ ग्रॅम वजन हवं. साध्या भरीव पोलादी तारेतून एवढं वजन हवं असेल तर तिची जाडी जवळजवळ अडीच मिलिमीटर होते. ती तार राहत नाही, सळई होते. सळई वाकायला नाखूश असते, म्हणून तिचे वरचे स्वरांश ८२, १२३ अशा नेमक्या पटींत न पडता वर सरकतात आणि सूर बेसूर वाटतो. यावरचा उपाय जुना आहे. आत बारीक गाभा ठेवायचा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळायची. ताण गाभा सोसतो, वजन गुंडाळी देते. गाभ्याची जाडी निम्मी केली की वाकण्याचा विरोध सोळा पटींनी घटतो. बेसच्या तारेचं सगळं कौशल्य या तडजोडीत आहे.

गुंडाळी कशाची, यावर पुढचं ठरतं. गोल तार गुंडाळली की राउंडवाउंड, चपटी फीत गुंडाळली की फ्लॅटवाउंड. फीत वेढ्याला वेढा घासून बसते. वाकताना ते वेढे एकमेकांवर घसटतात, त्यात ऊर्जा जाते आणि सर्वांत आधी उंच स्वरांश विझतात. जेमर्सनच्या त्या गोल आवाजाचं मोठं कारण हेच. तार जुनी होते तेव्हाही असंच होतं. घाम, धूळ, त्वचेचं तेल वेढ्यांत भरतं आणि चमक मरते. काही वादक अशा तारा पाण्यात उकळतात. मळ सुटतो, आवाज उजळतो, पण ते उजळणं फार टिकत नाही. १९६६ साली 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलनं इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून बेसच्या राउंडवाउंड तारा सुधारून घेतल्या आणि पियानोच्या खालच्या सप्तकासारखी खणखण बेसला मिळाली. जाकोच्या हातात पुढे आल्या त्या याच कंपनीच्या तारा.

आता दांडी. फेंडरच्या बेसला ती चार स्क्रूंनी जोडलेली असते, त्यामुळे बदलणं सोपं. जॅझची दांडी वरच्या टोकाला ३८ मिलिमीटर रुंद, प्रिसिजनची बहुधा ४१ ते ४४. अनेक जण प्रिसिजनच्या धडाला जॅझची दांडी लावतात, आणि बोटांना पडणारा फरक लगेच जाणवतो. पण आवाजाला काय होतं? विजेच्या बेसचा पिकअप चुंबकीय असतो, त्याला फक्त पोलादी तारेची हालचाल कळते. लाकूड तो ऐकत नाही. त्यामुळे दांडीचा परिणाम व्हायचाच असेल तर तो एकाच वाटेनं होतो. दांडी तारेकडून ऊर्जा किती आणि कोणत्या सुरावर काढून घेते, हाच सगळा प्रश्न.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे 'डेड स्पॉट'. फेंडर धाटणीच्या बहुतेक बेसवर सर्वांत उंच तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर असा असतो की तो छेडला की बसकण मारतो. शेजारचे दोन्ही सूर लांबतात, हा मात्र लगेच विझतो. तार खराब नसते, पडदाही सैल नसतो. लांब, बारीक दांडी स्वतःही कंप पावते, आणि तिची एक नैसर्गिक वारंवारता नेमकी १३० ते १५० हर्ट्झच्या टापूत पडते. त्या पडद्यांवरचे सूरही तिथलेच, १३१ ते १४७ हर्ट्झ. सूर आणि दांडी जुळली की तारेतली ऊर्जा दांडी हलवण्यात खर्च होते. म्युनिकजवळच्या सैनिकी विद्यापीठातल्या हेल्मुट फ्लायशर यांनी नव्वदच्या दशकात दांडीच्या प्रत्येक जागी ती किती सहज हलते हे मोजलं आणि जिथे ती जास्त हलते तिथेच सूर लवकर विझतो, हे दाखवून दिलं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. लाकडाच्या 'जाती'विषयी चालणाऱ्या वर्षानुवर्षांच्या वादात इथे एकदाची मोजता येणारी गोष्ट हाती आली.

मोजता आली की बदलताही येते. दांडीच्या टोकाला शंभरेक ग्रॅमचं वजन क्लॅम्पनं लावा, नैसर्गिक वारंवारता खाली सरकते आणि डेड स्पॉट वेगळ्या पडद्यावर जातो. हलक्या खुंट्या बसवल्या तर तो वर सरकतो. नाहीसा होत नाही, पण दोन सुरांच्या मधे, कमी त्रासाच्या जागी नेता येतो. दांडी जाड करणं हा दुसरा मार्ग. वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे २० मिलिमीटरची दांडी २२ केली की ती ३३ टक्के ताठ होते. हाताला मात्र ते दोन मिलिमीटर रात्रभर वाजवताना जड जातात. सत्तरच्या दशकात अवकाश उद्योगातला अभियंता जेफ गूल्ड यानं तिसरा मार्ग काढला. त्यानं कार्बन फायबरची दांडी बनवली. वजनाच्या मानानं ती लाकडापेक्षा कितीतरी ताठ असल्यानं तिची वारंवारता तारेच्या मुख्य सुरांपासून दूर जाते आणि सगळे सूर जवळजवळ सारखे टिकतात. काहींना तो आवाज कोरा वाटतो. मला वाटतं, तो सारखेपणा हवा की नको हा आवडीचा भाग आहे, पण कारण भौतिकशास्त्राचं आहे.

पडदे काढण्याची गोष्ट मराठी वाचकाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळावी अशी आहे. पडद्यांच्या बेसवर तार धातूच्या एका धारेवर टेकते आणि तिथून स्वच्छ सुटते. पडदे नसले की बोटाच्या पुढे तार पट्टीपासून अगदी अल्प कोनात उठते, आणि कंप पावताना पट्टीला पुन्हा पुन्हा घासून जाते. सूर छेडल्यानंतर क्षणभरानं त्यात उजळ स्वरांश उमलत येतात आणि 'म्वाऽऽ' असा तो कण्हता आवाज ऐकू येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर नेमकं हेच घडतं. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, तार त्यावर लोळते, टेकण्याची जागा सतत सरकते, हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याचा अभ्यास केला. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू पडतो ते ऐकू येऊ नयेत, असा थॉमस यंगचा नियम. जवारी लावलेल्या तंबोऱ्यावर ते ऐकू येतात, हे रामन यांनी नोंदवलं. मिरजेचे सतारमेकर कानस आणि कान यांच्या जोरावर घोडीचा जो उतार साधतात, तोच उतार पडदे नसलेल्या बेसच्या पट्टीला घासकागदानं साधावा लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांच्या हातातलं ज्ञान विजेच्या वाद्यालाही लागू पडतं, याची दखल आपण अजून पुरेशी घेतलेली नाही.

पट्टी मऊ असेल तर घासताना तीच उंच स्वरांश खाऊन टाकते, शिवाय पोलादी राउंडवाउंड तार तिला कानशीसारखी झिजवते. जाकोच्या वाद्यावरचं इपॉक्सी या दोन्हींसाठी उपयोगी पडलं. तार फार उंच ठेवली तर घासणंच थांबतं आणि 'म्वा' नाहीसा होतो. सुराची जबाबदारीही आता बोटावर येते. पहिल्या पडद्याचं अंतर ४८ मिलिमीटर, तिथे एक मिलिमीटर चूक म्हणजे दोन सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचे शंभरातले दोन भाग. विसाव्या पडद्यापाशी घर १६ मिलिमीटरचं, तिथे तीच चूक सहा सेंटची होते आणि कानाला बोचते.

या पट्टीचं लाकूडही आपल्या ओळखीचं आहे. साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरनं ब्राझीलचं रोझवूड सोडून भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. ते म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीत वाढणारा. २०१७ साली या सगळ्या वंशाच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं आणि गिटार कंपन्या दुसरी लाकडं शोधू लागल्या. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसवाचं झाड तयार व्हायला पिढ्या जातात, त्यामुळे ते बंधन मला योग्यच वाटतं, आणि इपॉक्सी किंवा इतर कडक लाकडाची पट्टी चांगली वाजते हे त्या काळात सिद्धही झालं.

कोकणात, मुंबईत वाजवणाऱ्यांना दांडीचा आणखी एक स्वभाव ठाऊक आहे. पावसाळ्यात लाकूड आडव्या रेषेत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मेपल आणि शिसव सारखे फुगत नाहीत, म्हणून दांडी वाकते. चार तारांचा सत्तर-ऐंशी किलोचा ताण तिला पुढे ओढतच असतो. त्याला तोल देते ती आत बसवलेली पोलादी सळी, 'ट्रस रॉड'. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. मधल्या पडद्यांपाशी ०.३ ते ०.४ मिलिमीटरची खोली राहील इतकी ती फिरवायची, एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

तुलना करायची तर नीट करावी, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. जुन्या तारांची दांडी एकीकडे आणि नव्या तारांची दुसरीकडे ठेवली की जिंकतात त्या तारा, आणि श्रेय मिळतं लाकडाला. दोन्हीकडे एकाच पाकिटातल्या, सारख्या वयाच्या तारा लावा. पिकअपची उंची मोजून सारखी करा. ध्वनिमुद्रण थेट करा, आवाजाची पातळी सारखी करा आणि मग मित्राला न सांगता ऐकवा. छेडणं सारखं यावं म्हणून प्रयोगशाळेतली एक युक्ती घरी चालते. केसासारखी बारीक तांब्याची तार बेसच्या तारेभोवती घालून हळू ओढायची. ती दर वेळी जवळजवळ त्याच ताणाला तुटते आणि छेड सारखी बसते. संगणकावरच्या ऑडॅसिटीसारख्या मोफत साधनात सूर किती वेळात मिटतो ते डोळ्यांनी दिसतं.

बदलाचा क्रमही असाच राखावा. आधी तारा बदलून पाहा, ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त ऐकू येणारं. मग ट्रस रॉड आणि तारेची उंची. मग टोकाला वजन लावून डेड स्पॉट कुठे जातो ते तपासा. पडदे उपसायचेच असतील तर मूळ दांडी काढून जपून ठेवा आणि स्वस्तातली दुसरी दांडी घेऊन तिच्यावर हात चालवा. आवडलं नाही तर चार स्क्रू सोडून मूळ दांडी परत बसवता येते.