एकाच घराच्या तीन किमती

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि डोईफोडियाच्या घराचा विषय अखेर निघालाच. निघाला तो आखाजीला. आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, तशाच पलीकडे खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, अंगणातल्या निंबाला झोका. जेवणं आटोपली, भांडी आवरली आणि दादाने कपाटातून घरपट्टीचे कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे बघ, पंचायतीत घराची किंमत नव्वद हजार लागलेली आहे. आपण चौघं. आई, मी, धाकटा आणि तू. एकेकाचे साडेबावीस होतात. मी तुला पंचवीस देतो. तू हकत्याग लिहून दे, म्हणजे घर माझ्या नावावर करता येईल."

दादा लबाड नाही, हे आधीच सांगते. वीस वर्षं घरपट्टी त्यानेच भरली. घराची किंमत लिहिलेला दुसरा कोणताच कागद त्याने कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. पण पंचवीस हजार म्हटल्यावर मला कसंतरीच झालं. त्या रकमेत आजकाल गावात एक साधी खोलीही उभी राहत नाही. तरी तेव्हा गप्प बसले. माहेरी आलेल्या लेकीने हिशेब काढला की लोक काय म्हणतात, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे.

इंदूरला परत आल्यावर चौकशी सुरू केली. पुढे जे आकडे देते आहे ते गोल केलेले आहेत, त्यावरून कोणी गावचा भाव ठरवू नये.

पहिला कागद पंचायतीचा. मध्य प्रदेशात ग्रामपंचायतीचा संपत्ती कर 1993 च्या पंचायत राज कायद्याखाली लागतो. जमिनीसह 6 हजार रुपयांहून जास्त भांडवली किमतीची घरं त्यात येतात. 6 हजार! या एका आकड्यावरून लक्षात येतं की ही मोजणी कशासाठी आहे. कोणत्या घराला कर लावायचा, कोणतं सोडायचं आणि सगळ्यांकडून थोडं थोडं कसं जमवायचं, एवढंच तिला ठरवायचं असतं. आमच्या घराच्या नोंदीत मातीच्या भिंती आणि कवेलू होते. 2009 साली बाबांनी मागे विटांच्या दोन खोल्या बांधल्या, त्या त्यात नव्हत्या, कारण बाबांनी त्या कळवल्याच नव्हत्या. कर कमी येतोय म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तेव्हा दोष कोणाला द्यायचा?

बुऱ्हाणपूर शहरात हिशेब वेगळा आहे. तिथे वर्षाचं भाडं किती येऊ शकेल ते धरून मालमत्ता कर काढतात आणि मालक स्वतः राहत असेल तर त्यात निम्मी सूट मिळते. सीमेपलीकडे रावेर तालुक्यात आमची आत्या राहते. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी 2015 च्या नियमांनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर नेली. जमिनीचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराप्रमाणे भारांक असं सूत्र आहे. त्यामुळे आत्याच्या नमुना 8 वरचा आकडा आमच्यापेक्षा खऱ्या किमतीच्या जवळ असतो. पण नमुना 8 झाला तरी तो कर आकारणीचाच उतारा. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बाजारभावही कळत नाही.

दुसरी किंमत गाइडलाइनची. दरवर्षी जिल्ह्याची मूल्यांकन समिती गावागावाचे, वॉर्डावॉर्डाचे दर सुचवते, भोपाळहून मंजुरी येते आणि साधारणपणे 1 एप्रिलपासून ते लागू होतात. प्लॉटचा दर वेगळा. बांधकामाचे आरसीसी, आरबीसी, टिनशेड आणि कच्चा कवेलू असे रकाने. घर कोणत्या रकान्यात बसतं ते बघायचं आणि गुणाकार करायचा. आमचा प्लॉट तीस फूट रुंद, साठ फूट खोल, म्हणजे सुमारे 167 चौरस मीटर. मागच्या खोल्या धरून हिशेब चार लाखांवर गेला. पंचायतीच्या चौपट तर झालीच.

पण गाइडलाइन हीदेखील सरकारने स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेली किंमत आहे. रजिस्ट्रीत कमी रक्कम दाखवून मुद्रांक शुल्क बुडवू नये म्हणून ती लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली आदिलाबादच्या एका भूसंपादन प्रकरणात म्हटलं होतं की मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेल्या दरवहीवरून जमिनीचा बाजारभाव ठरवता येत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने मात्र हा दर हिशेबात आणला, तोही एकटा नाही. आसपासच्या व्यवहारांची सरासरी जास्त निघाली तर ती धरायची. काही ठिकाणी उलटंही होतं. गाइडलाइन चढलेली आणि प्रत्यक्षात गिऱ्हाईक कमी देणारं. तिथे विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर आयकराची चिंता लागते. तफावत दहा टक्क्यांच्या आत असेल तर आयकर खातं मिळालेली किंमतच मान्य करतं. त्याहून जास्त असेल तर प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा, अशी मागणी करता येते. ही सोय पुष्कळांना माहीत नसते.

तिसरी किंमत काढायला बुऱ्हाणपूरहून सरकारमान्य व्हॅल्युअर आणला. दादाला आधी विचारलं, चोरून काही केलं नाही. वहिनी म्हणाली, "घरात राहायचंय आम्हाला, विकायचं कुठंय?" तिचं म्हणणं मला आजही अगदीच चूक वाटत नाही.

व्हॅल्युअर म्हणजे तिशीतला इंजिनिअर मुलगा. मला वाटलं होतं टेप लावेल आणि जाईल. तो तीन तास थांबला. आधी गल्लीत फिरून गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी प्लॉट घेतला, केवढ्याला, रजिस्ट्री केवढ्याची झाली, हे विचारून आला. मग घरात येऊन खांब मोजले. घर बाबांनी 1978 साली जुनंच घेतलं होतं आणि त्याचे खांब, तुळया, दांड्या सगळं सागवान. आमचा भाग जंगलाचा, जुन्या घरांत सागवान भरपूर. त्याने एका खांबाला नखाने टोकरून पाहिलं, वाळवी कुठवर आहे ते पाहिलं आणि म्हणाला, "काकू, भिंतींना आता किंमत नाही. लाकडाला आहे." पंचायतीच्या नोंदीत आणि गाइडलाइनच्या रकान्यात ज्या घराला कच्चं म्हणून कमी दर लागला, त्याच घरातलं हे लाकूड. ओसरी रस्त्याला लागून आहे, तिथे दुकान निघू शकतं, हेही त्याने लिहिलं.

अहवालात जमीन 1,800 चौरस फूट, 350 रुपये दराने 6 लाख 30 हजार. मागच्या खोल्या घसारा वजा जाता 1 लाख 60 हजार. जुन्या घराचं लाकूड 1 लाख 10 हजार. एकूण 9 लाख. चौथा हिस्सा सव्वादोन लाख. दादाने सांगितलेल्या साडेबावीस हजारांच्या बरोबर दहापट.

दादा संतापला. "त्याला पैसे तू दिलेस, मग तो तुझ्याच बाजूने लिहिणार." या शंकेत तथ्य आहे. बँकेच्या कर्जासाठी काढलेली किंमत, घाईच्या विक्रीसाठी काढलेली किंमत आणि वाटणीसाठी काढलेली किंमत एकच व्हॅल्युअर वेगवेगळी देऊ शकतो. म्हणून फी सगळ्या हिस्सेदारांनी मिळून द्यावी आणि वाटणीसाठी अहवाल हवा हे आधी लिहून द्यावं. आम्ही ते केलं नव्हतं. दादाला म्हटलं, तू दुसरा आण. त्याने आणला. त्याचा आकडा साडेआठ लाख आला. मग वाद पन्नास हजारांचा उरला, आठ लाखांचा नाही. आणखी एक भीती होती, की अहवाल पंचायतीत गेला तर घरपट्टी वाढेल. खासगी अहवाल काढून घेणाऱ्याच्या हातात येतो, कर आकारणीच्या वहीत आपोआप जात नाही.

मला यातून एक गोष्ट उमगली. घर केवढ्याचं आहे हा एक प्रश्न आणि मी त्यातून किती घ्यावं हा दुसरा. आपल्या घरांत दुसऱ्या प्रश्नाच्या संकोचापायी पहिला विचारलाच जात नाही. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि घर त्यांचं स्वतःचं होतं, तेव्हा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आई आणि आम्ही तिघं सारखे वारस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला आणि त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. वारसांपैकी एकाला आपला हिस्सा द्यायचा असेल तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्यांना आहे, आणि किमतीवर एकमत झालं नाही तर न्यायालय ती ठरवतं. 1893 च्या वाटणी कायद्यातही हिस्सा विकत घेऊ पाहणाऱ्याला न्यायालयाने मूल्यांकन करून मगच तो देऊ करायचा, असं आहे. घरपट्टीचा आकडा धरा असं यांत कुठेही म्हटलेलं नाही.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिला हे सांगितलं तर ती हसली. तिकडे 1978 च्या प्रस्ताव 13 मुळे घर विकलं जाईपर्यंत कराची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. तिच्या शेजारच्या आजीबाई तसल्याच घरावर तिच्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतात. इंग्लंडमध्ये तर घरांचा काउन्सिल टॅक्स आजही 1 एप्रिल 1991 च्या किमतींवरून लागतो. अमेरिकेत लोक स्वतंत्र मूल्यांकन काढतात ते बहुधा कर कमी करून घ्यायला. आम्ही काढलं ते वाटणीसाठी.

स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर आता आबादीतल्या घरांचे अधिकार अभिलेख मिळू लागले आहेत. योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली आणि मध्य प्रदेश पहिल्या राज्यांमध्ये होता. त्या कागदाने वाटणीचं काम सोपं होतं, कारण क्षेत्रफळावरचा वाद मिटतो. किंमत मात्र त्यातही लिहिलेली नसते.

शेवटी आईने तोडगा काढला. तिचा हिस्सा तिच्याच नावावर राहील, हयात असेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. मी दोन लाख घेतले. छपराची दुरुस्ती आणि आईचं दुखणंखुपणं दादाने काढलं, ते मनात धरून उरलेले सोडले. तेवढे मी सोडले, हे दादाला माहीत आहे आणि मलाही. एक लाख लगेच मिळाले, दुसरे केळी निघाल्यावर. धाकट्याने अजून काही ठरवलेलं नाही.

यंदा आखाजीला गेले तेव्हा वहिनीने नेहमीसारख्याच सांजोऱ्या बांधून दिल्या. घरपट्टीची पावती अजून बाबांच्याच नावाने येते. मागच्या दोन खोल्यांची नोंद करून घ्यायची असं दादा म्हणतोय, पण करेल तेव्हा खरं.