जुनी शेव्हेल, नवे चाक

अमेरिकी मोटारउद्योगाने साठच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि एरवी थोराड गाड्यांत बसणारे आठ सिलिंडरचे इंजिन पोटात घेतलेल्या ज्या मोटारी घडवल्या, त्यांना ‘मसल कार’ म्हटले जाते. शेव्हर्लेची १९६८ सालची ‘शेव्हेल एसएस ३९६’ ही त्यांतील एक ठळक गाडी होय. तिचे इंजिन ३९६ घन इंच, म्हणजे सुमारे ६.५ लिटर क्षमतेचे आणि किमान ३२५ अश्वशक्तीचे होते. पण ही सारी ताकद ज्यांच्या आधारे रस्त्यावर उतरायची, त्या रिम अवघ्या १४ इंची होत्या आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक ही तिची प्रमाण रचना होती. अशा गाडीला आज १७ इंची चाके बसवली जातात, तेव्हा तो केवळ शोभेचा खटाटोप आहे असे मानणे या गाडीवर अन्याय करणारे ठरेल.

त्या काळच्या टायरमधील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपे, एकमेकांना छेद देत गेलेले असत. त्यामुळे टायरची बाजूची भिंत आणि जमिनीला टेकणारा पृष्ठभाग परस्परांना जखडलेले राहत आणि वळणावर भिंत वाकली की पृष्ठभागही रस्त्यावरून काहीसा उचलला जाई. रेडियल टायरमध्ये धागे आडवे, सरळ जातात आणि पृष्ठभागाखाली पोलादी पट्टे असतात, म्हणून भिंत लवचीक राहूनही पकड टिकते. चांगल्या पकडीचे रेडियल टायर आज १४ इंची मापात फारसे मिळत नाहीत; शिवाय ड्रम ब्रेकऐवजी बसवायची १३ इंची डिस्क आणि तिचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग, आत मावण्यासाठी साधारणपणे १७ इंची रिम लागते. मोठ्या चाकाची खरी गरज या दोन कारणांतून उभी राहते.

रिम मोठी झाली तरी संपूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास मात्र वाढू द्यायचा नसतो. जुन्या एफ७०-१४ मापाला जवळचा आजचा टायर २१५/७०आर१४ हा आहे. यातील पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्केवारीत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६५७ मिलिमीटर भरतो, तर २४५/४५आर१७ चा सुमारे ६५२. फरक एका टक्क्याच्या आत राहत असल्याने वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही आणि गिअरचे गणितही बिघडत नाही. बदलते ती भिंतीची उंची : ती १५० मिलिमीटरवरून ११० वर येते.

खरी कसोटी रुंदीची आहे. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतच्या अंतराला ‘बॅकस्पेसिंग’ म्हणतात. आठ इंच रुंद रिमची कडांसह एकूण रुंदी जवळपास नऊ इंच असते, म्हणून टेकण्याची जागा बरोबर मध्यावर असेल तर हे अंतर साडेचार इंच येते. हाच आकडा साडेपाच केला की सारे चाक एक इंच आत सरकते आणि टायर स्टीअरिंगच्या दांड्यांवर घासू लागतो. उलट साडेतीन केला की मडगार्डची कड टायर कापते. मापे कागदावर जुळली म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. पुढचा स्प्रिंग काढून ठेवावा, सस्पेन्शनचा खालचा आर्म जॅकने पूर्ण वर-खाली करावा आणि प्रत्येक उंचीवर स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे.

बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला बाजारात ‘पीसीडी’ म्हणतात, तो शेव्हेलमध्ये ४.७५ इंच आहे, तर फोर्ड मस्टँगच्या पाच बोल्टच्या चाकात साडेचार. हे अंतर जेमतेम सहा मिलिमीटर असल्यामुळे नजरेला कळत नाही. एखादा नट जोर लावून बसवलाच तर स्टड, म्हणजे हबवरचा बोल्ट, तिरपा ताण घेतो आणि पुढे तुटू शकतो. अ‍ॅलॉय रिमची बैठक मूळ पोलादी रिमपेक्षा जाड असते, म्हणून नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका चढतो की नाही, हे आटे मोजून पाहणे अटळ आहे. नाही चढला तर लांब स्टड घालावेत. यात तडजोड नको.

चाके बसली तरी काम संपत नाही. स्टीअरिंगचा अक्ष वरच्या टोकाला मागे झुकण्याच्या कोनाला ‘कॅस्टर’ म्हणतात. जुन्या टायरसाठी कारखान्याने तो शून्याच्या आसपास ठेवला होता, तर रेडियलवर गाडी सरळ चालण्यासाठी तो काही अंशांनी वाढवावा लागतो. शेव्हेलमध्ये वरच्या आर्मचा शाफ्ट आणि चासी यांच्यामधील पातळ चकत्या कमी-जास्त करून हा कोन साधला जातो.

यापुढे जाऊन २० इंची रिम घातली तर व्यास तोच राखण्यासाठी भिंत ७५ मिलिमीटरपर्यंत खाली आणावी लागते, खड्ड्याचा धक्का थेट रिमवर बसतो आणि धातूचे वजन मध्यापासून दूर गेल्याने चाक फिरवायला व थांबवायला अधिक बळ लागते. म्हणून या गाडीसाठी १७ इंच हे योग्य माप होय. १८ चालून जाते, त्यापलीकडे हाती लागतो तो तोटाच. बदल करणाऱ्यांनी मूळ १४ इंची रिम मात्र भंगारात घालू नयेत, कारण त्या काळच्या ‘रॅली’ नावाच्या कारखान्याच्या रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ ठोकलेली अक्षरे पाहूनच जाणकार आजही रिमचा अस्सलपणा ठरवतात.