कारळ्यासाठी नाकारलेला पतंग

युरोपातील पाइनच्या अरण्यांत एक नारिंगी रंगाचा लहानसा पतंग आढळतो. त्याची अळी पाइनचे कोवळे कोंब आतून पोखरते, आणि त्यामुळे वृक्षाचे खोड पुढे वाकडे वाढते. त्याच कुलातील, परंतु रूपाने अगदीच सामान्य असा एक करडा-तपकिरी पतंग उत्तर अमेरिकेत राहतो. एपिब्लेमा स्ट्रेन्युआना हे त्याचे शास्त्रीय नाव. पोखरण्याची कुलविद्या त्याच्याही अळीस अवगत आहे, आणि तीच पाहून त्याला बेंगळुरूस आणण्यात आले.

निमित्त होते गाजरगवताचे. १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याच्या संसर्गाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, कित्येकांना दमा जडतो. ऑस्ट्रेलियात या तणावर १९८२ साली हाच पतंग सोडण्यात आला होता. त्याची अळी खोडात शिरली की तेथे खोड फुगून गाठ बनते, आणि झाडाची वाढ खुंटते. कोषात जाण्यापूर्वी अळी बाहेरच्या सालीपर्यंत वाट कोरते. शेवटचा पातळ पापुद्रा मात्र तसाच राखते. पतंगास कुरतडण्याजोगे जबडे नसतात, म्हणून ही तजवीज!

परंतु परका कीटक मोकळा सोडणे म्हणजे धनुष्यातून बाण सोडणे होय. गाजरगवत, सूर्यफूल, करडई आणि कारळा ही सारी एकाच कुलातील झाडे. तेव्हा ही अळी आणखी कशावर जगते, हे बंदिस्त जागेत पाहणे भाग होते. भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत झालेल्या या परीक्षेचा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध झाला. कारळ्यावर या कीटकाचे जीवनचक्र पूर्ण होते, असे आढळून आले होते.

कारळा ही काही श्रीमंतांची शेती नव्हे. डोंगरउतारांच्या हलक्या जमिनीत आदिवासी शेतकरी तो पेरतात. त्याचे तेल काढतात, आणि त्याची चटणी महाराष्ट्रात घरोघर असते. या पिकासाठी गाजरगवताचा एक शत्रू गमवावा लागला. प्रयोगशाळेत वाढवलेले सारे पतंग नष्ट करण्यात आले.

मेक्सिकोतून १९८३ साली बेंगळुरूस आणलेल्या झायगोग्रामा या भुंग्यास मात्र पुढील वर्षी मोकळे सोडण्यात आले. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने फस्त करतो. कोरडे दिवस आले की तो जमिनीत शिरून निद्रिस्त होतो, आणि जेथे ओल मिळेल तेथे गाजरगवत पुन्हा उगवते.