तुला कुणी सांगितलं?

आमच्या लोहारा तालुक्यात कुणी काही नवं सांगितलं की आधी विचारतात, "तुला कुणी सांगितलं?" बातमी काय, हे नंतर. माझ्या थोरल्या जाऊबाईंना हा प्रश्न भूकंपानंतर दारोदार ऐकावा लागला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. आमचा भाग तेव्हा उमरगा तालुक्यात होता, लोहारा तालुका पुढे झाला. नव्या जागी वसवलेल्या 52 गावांबद्दल पुष्कळ लिहून आलं. जी गावं जागेवरच राहिली, त्यांचं दुखणं वेगळं होतं. सुमारे 1,300 गावांत घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती आणि दगड-मातीच्या भिंतीखाली निजायला कुणी धजत नव्हतं. इंजिनिअर सांगायचे, माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार सांधे घाला, घर टिकेल. सगळे माना डोलवायचे, करायचं कुणीच नाही. साहेब संध्याकाळी जीपने जाणार. भिंत कोसळली तर जाब कुणाला विचारायचा?

मग गावोगावच्या बायकांनाच 'संवाद सहायक' नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेने त्यांना तयार केलं. त्यांच्यातल्याच एक असलेल्या जाऊबाईंनी आधी स्वतःच्या भिंतीला भोकं पाडून घेतली, गवंड्याने त्यात सळई घालून काँक्रीट भरलं. शेजारणी येऊन बोटाने टोकरून बघायच्या. एकीचं बघून कुणी हललं नाही. तीन घरं झाली तेव्हा चौथीने नवऱ्याला विचारलं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं की नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखीतून येते. खरं आहे. पण भिंत फोडायची तर जवळचंच माणूस लागतं, तेही एक पुरत नाही. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी बाईच्या ठायी एकत्र येतात, कारण तिला गावं दोन: सासर आणि माहेर. पंचमीला माहेरी गेलेली लेक तिथे भावजयीला भिंतीचं सांगायची. भरवसा असाच गाव ओलांडायचा, वरून हुकूम नसताना. 2001 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छलाही गेल्या. आपलंही घर पडलं होतं, एवढी ओळख तिथे पुरली.

वरून हुकूम नसताना भरवसा जोडायचं हेच काम मॅस्टोडॉनसारखी केंद्र नसलेली समाजमाध्यमं आज करू बघतात. छोटे-छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा कारभार वेगळा. एखाद्यावरचा भरवसा उडाला की बाकीचे त्याच्याशी संबंध तोडतात, भावकीत तोडतात तसे.

मात्र ओळखीच्या याच वाटेने फसवणूकही येते, हे कुणी फारसं बोलत नाही. पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या योजना आमच्याकडे अनोळखी माणसाने आणल्या नाहीत. कुणाच्या मावशीने, कुणाच्या मेहुण्याने आणल्या. सिमेंटबद्दल जाऊबाईंचा शब्द प्रमाण, म्हणून पैशाबद्दलही तो चालावा असं नाही. त्या स्वतःच हे मानतात. बचत गटाच्या बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जातो, तेव्हा अध्यक्ष असूनही आपली वही त्या आधी पुढे करतात.